मामांचे कान

गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली की मामा आधी ती बंद करायला लावायचे आणि मग गाडीवाल्याकडे वळून म्हणायचे, "हां, आता तुमी काढून दाखवा."

"काय काढून दाखवू?"

"आवाज. गाडी कसा करती त्यो."

गिऱ्हाईक नवीन असलं की त्याला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. पण मामा कानातला कापूस काढून, तो नीट खिशात ठेवून, मान किंचित वाकडी करून थांबलेले असत. एकदा एक मोठे बागाईतदार आले होते. पांढरे कपडे, बोटात दोन अंगठ्या, गावात त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नसावं असा एकंदर थाट. त्यांनी खाकरून हळूच "खर्र" केलं.

"तोंड उघडा की. लाजू नका, हितं समदेच करत्यात. सुरवातीला व्हतो का शेवटाला?"

"शेवटी."

"मग शेवटाला करा."

बागाईतदारांनी भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, गाडीचा सबंध आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून दाखवला. आम्ही टेम्पोच्या आड जाऊन तोंडावर हात दाबून बसलो होतो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेल्फचं बुश गेलंय." इंजिनाला पहिला फेरा देणारा तो सेल्फ उतरवून उघडला. आतलं बुश झिजून गेलेलंच होतं.

भिंगारच्या अलीकडे, पाथर्डी रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं. मी इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम बघायचो. मामांकडे सेल्फ, डायनामो आणि वायरिंग. ही नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांतली हकिकत आहे. मामा माझे नात्यातले कुणी नव्हेत. त्यांना गॅरेजचे मालक, आमचे शेठसुद्धा मामा म्हणत, आणि शेठ त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. मामांबद्दल लिहावं असं मला कितीदा तरी वाटलं, पण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे पुढे माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून टाळत आलो.

नोकरीची तीस वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. पत्र्याची शेड, आत दिवसभर हातोडे आणि चालू इंजिनं. त्यांच्या बरोबरीचे लोक निवृत्त होईपर्यंत ठार बहिरे झाले. मामांनी मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापूस घातला. तिथे सगळे हसायचे. निवृत्त झाल्यावरही तो कापूस राहिला. एरवी बोलायला गेलं तर "काय?" "काय?" करायचे, पण ऐकायचं काम निघालं की कापूस बाहेर येई. मग गॅरेजात कुणी पाना आपटलेला त्यांना चालत नसे. रेडिओ बंद. कुणी चणे खात असला तरी म्हणायचे, "थांब रं, दात वाजत्यात तुझे."

क्रिकेटचा सामना असला की आम्ही सगळे त्यांच्या धाकाने समोरच्या पानटपरीवर जाऊन उभे राहायचो.

चहाच्या वेळी लष्कराच्या ट्रकांची रांग रस्त्याने जायची. मामा ग्लास हातात धरून कापूस काढत आणि सांगत, "तिसऱ्या गाडीचा एक नोझल गेलाय." आता हे खरं की खोटं बघायला फौज थांबवणार कोण? मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "तुला पटायसाठी न्हाई सांगत. मला ऐकू आलं म्हनून सांगतो."

आवाज काढून दाखवायला का लावता, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "पाव्हन्यापुढं पोर कसं शहान्यावानी वागतं, तशी गाडी आपल्या दारात आल्यावर वागती. पन मालक तिच्यासंगं रोज असतोय. त्याच्या डोक्यात खरा आवाज बसलेला असतो. त्योच काढायचा."

सेल्फच्या बाबतीत तर त्यांचं सगळं ठरलेलं होतं. 'टक्' होऊन गप्प बसला तर बॅटरी नाहीतर तिची वायर. नुसताच भिंगरीसारखा फिरला आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स घसरते. आणि 'खर्र' झालं तर दातांचं भांडण. कोणाचे दात कोणाशी भांडतात ते शोधायला त्यांच्याकडे बाभळीची एक हातभर काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला. काठीचं टोक त्यांच्या कानाने घासून गुळगुळीत झालेलं होतं. डोळ्यांवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते. "डोळ्याचं काय काम?" म्हणायचे. "डोळ्याला वरचं दिसतं."

दुपारी एकला मामी डबा घेऊन यायच्या. मामांच्या उलट, एकदम बोलक्या. पायरीवर बसून पदराने वारा घेत सांगायच्या, "ह्यांच्यापुढं भाकरी भाजायची पन चोरी हाय बघा. बाहेर खाटंवर पडल्या पडल्या सांगत्यात, करपली म्हनून. वास यायच्या आधी." मामा ऐकलंच नाही असं दाखवून जेवत राहायचे. कापूस असायचाच कानात.

मला त्यांचा राग यायचा, हे आता सांगून टाकलं पाहिजे. मी तेव्हा तिशीच्या आत होतो. इंजिन बांधावं तर मीच, असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मलाही तसंच वाटायचं. पण मी बांधलेल्या इंजिनाला मामा काठी लावून उभे राहिले की मी हातातलं काम सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायचो. बहुतेक वेळा "चांगलं झालंय" म्हणायचे. एखाद्या वेळी काहीच न बोलता काठी खाली ठेवायचे. मग मी ते इंजिन पुन्हा तपासायचो आणि काहीतरी निघायचंच.

अकोले तालुक्याच्या डोंगरातला एक जीपवाला होता. गावातून राजूरच्या बाजारापर्यंत माणसं ने-आण करायचा. त्याने भिंगारला लष्कराच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली आणि तशीच आमच्याकडे आणली. डिझेल इंजिन टाकायचं होतं. त्या काळी हे सर्रास चालायचं. अपघातात गेलेल्या एखाद्या पिकअपचं इंजिन आणायचं आणि जीपमध्ये बसवायचं. ते काम माझं.

इंजिन चांगलं मिळालं, फक्त त्याची रिंग झिजली होती. इंजिनाच्या मागे एक जड चाक असतं आणि त्याच्या कडेला दातांची लोखंडी रिंग तापवून चढवलेली असते. सेल्फच्या बेंडिक्सचा छोटा दातेरी गट्टू पुढे सरकून या रिंगेच्या दातांत शिरतो आणि इंजिन फिरवतो. शिरायला सोपं जावं म्हणून सेल्फच्या बाजूने रिंगेच्या दातांना उतार दिलेला असतो. ही बाजू झिजली की आमच्याकडे नवीन रिंग आणत नसत. जुनीच तापवून उतरवायची, पलटी करायची आणि कोरी बाजू सेल्फकडे करून पुन्हा चढवायची. मात्र कोऱ्या बाजूला उतार नसतो. तो कानशीने द्यावा लागतो, एकेका दाताला. शंभरावर दात असतात.

मी दहा-बारा दातांना उतार दिला. हात भरून आले, उन्हं कलली होती, कंटाळा आला. मामा भाचीच्या लग्नाला शेवगावला गेले होते, त्यामुळे बघणारंही कुणी नव्हतं. चालवून चालवून बसेल आपोआप, असं मनाशी म्हणालो आणि गिअरबॉक्स चढवून टाकला.

इंजिन सुरू झालं. पण जवळजवळ प्रत्येक वेळी सेल्फ मारला की आधी असा कर्कश 'खर्रर्र' व्हायचा, की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

दोन दिवसांनी मामा आले. जीपवाला भिंगारमध्ये मुक्काम ठोकून रोज येत होता. मामांनी त्याला आवाज काढायला सांगितलं आणि त्याने तो इतका हुबेहूब काढला की मामा खूश झाले. "मामा, तेवढं बघा," तो म्हणाला. "आमच्याकडं पावसात डोंगराच्या वाटंला गाडी बंद पडली आन् सेल्फनं दगा दिला, तं ढकलायला मानूस न्हाई मिळायचा. बाळंतीन असती, आजारी असतं, समदी हीच गाडी."

मामांनी सेल्फ उतरवला. बॅटरीवर लावून नुसता फिरवून पाहिला, आवाज स्वच्छ. गट्टूचे दात बोटांनी चाचपले. सेल्फ बसतो ती जागा अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहिली. पुन्हा बसवला, कापूस खिशात टाकला, काठी लावली आणि म्हणाले, "मारा."

दहा-बारा वेळा सेल्फ मारून घेतला. नऊ-दहादा खर्र झालं आणि मध्येच एकदा काहीच आवाज न होता इंजिन सुरू झालं. मामांनी डोळे मिटले होते ते उघडले.

"मधीच एकांद्या वेळी नीट जातोय," ते म्हणाले. "म्हंजे थोड्या दातांना उतार हाय. बाकीच्यांना न्हाई. रिंग पलटी केल्ती का रं?"

गाडीला हात लावून अर्धा तास झाला नव्हता आणि या माणसाने मी केलेलं सगळं, केलेलं आणि न केलेलंही, बसल्या जागी ऐकलं होतं. शेठ बघत होते. जीपवाला माझ्याकडे बघत होता. बाजूच्या टेम्पोवर काम करणारे दोघेही थांबले होते.

"केली होती," मी म्हणालो. "पण उतार दिलाय सगळ्यांना."

"उजेडाची बॅटरी घे आन् सेल्फच्या भोकातनं बघ. मला दिसायचं न्हाई. तू बघून सांग."

त्यांनी सेल्फ पुन्हा उतरवून दिला. मी खाली वाकलो आणि त्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकला. समोर दात होते. कोरे, काटकोनी, उतार नसलेले. मी चाक हाताने फिरवलं. आणखी तसेच दात आले. मग माझे दहा-बारा आले, कानशीने चकाकणारे, आणि त्यांच्यानंतर पुन्हा कोरे. मी तिथे हवा तेवढा वेळ वाकून राहिलो. एवढ्या वेळात काहीतरी शहाणपण सुचायला हवं होतं.

"सगळ्यांना उतार आहे," मी उठून म्हणालो.

"नीट बघ."

"बघितलं की, मामा. डोळ्यांचं झालं, आता कानांचंही वय झालं म्हणायचं तुमच्या."

सगळे हसले. शेठ हसले, जीपवालाही हसला. मामा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. खिशातून कापूस काढून त्यांनी तो हळूहळू दोन्ही कानांत घातला आणि काठी उचलून आत गेले.

गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटाच आलो. सकाळपासून राबून गिअरबॉक्स उतरवला आणि एकेका दाताला उतार दिला, मोजून सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत सगळं परत चढवलं आणि सेल्फमध्ये एक नवी बेंडिक्स टाकली, सांगायला कारण असावं म्हणून. दुसऱ्या दिवशी जीपवाल्याने सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात, बिनआवाज.

मामा दारात उभे होते. "काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"बेंडिक्स बदलली. तिचेच दात गेले होते."

मामांनी जीपकडे एकदा बघितलं. "म्हंजे माझंच चुकलं," ते म्हणाले. मग जीपवाल्याजवळ गेले आणि त्याला म्हणाले, "माफ करा. तुमचा उगं येळ घालवला." जीपवाल्याला अवघडल्यासारखं झालं. "असू द्या मामा, हुतंय," म्हणत त्याने त्यांचे हात धरले. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. एवढं सोपं होतं ते. फार तर शेठ रागावले असते.

त्या दिवसानंतर मामांनी गिऱ्हाइकाला आवाज काढायला लावणं बंद केलं. सेल्फची तक्रार आली की सरळ उतरवायचे, सगळा उघडायचे आणि जे झिजलेलं हाताला लागेल ते बदलायचे. कुठल्याही गॅरेजात करतात तसं. कानात कापूस घालणंही सोडलं. "आता काय जपायचंय?" म्हणाले. आणि एखादा आवाज त्यांना खटकलाच, तर माझ्याकडे यायचे. गुरूकडे यावं तसे यायचे. "जरा ऐकतोस का? मला खर्र वाटतंय, पन तू सांग." मी जाऊन ऐकायचो आणि सांगायचो.

सुरुवातीचे काही दिवस मला ते आवडलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं. तीस वर्षं लष्करात काढलेला माणूस मला विचारायला येतो, हे चार लोकांनी पाहावं असं वाटायचं. मग हळूहळू ते खुपायला लागलं. त्यांना जे वाटायचं ते बरोबरच असायचं. मी "हो मामा, खर्रच आहे" म्हणालो की त्यांचा चेहरा उजळायचा आणि लगेच पुन्हा पडायचा, कारण एकदा बरोबर आल्याने त्यांचं समाधान होत नव्हतं. मी ठरवायचो, आज सांगू. शेठ आहेत, नको. आज मामांची तब्येत बरी नाही, नको. आज मीच दमलोय. असे महिने गेले. दिवाळीच्या सुमाराला मामांनी गॅरेजात येणंच बंद केलं. शेठ म्हणाले, वय झालं. मीही मान डोलावली.

थंडीत कळलं की मामी गेल्या.

मी लगेच गेलो नाही. जलदान विधी होऊन गेल्यावर, घरात गर्दी नसेल असा दिवस बघून दुपारी गेलो. जाताना सायकल हळू चालवत होतो आणि वाक्य पाठ करत होतो. मामा, त्या जीपच्या रिंगेला उतार नव्हता. तुम्ही बरोबर होतात. मी खोटं बोललो. अशा वेळी माणसाला निदान ही एक गोष्ट तरी परत मिळावी, असं मला वाटत होतं. एवढ्या उशिरा का होईना, मी काहीतरी चांगलं करायला निघालो होतो.

मामा खाटेवर बसले होते. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मामींचा फोटो. लेक सासरहून आलेली होती, ती चहा ठेवून आत गेली. मामा आपणहूनच सांगायला लागले.

"छातीत पानी झाल्तं तिच्या. डॉक्टर म्हनाला, तीन आठवडे आधी आनायला पाहिजे हुतं."

"मामींनी सांगितलं नाही काही?"

"ती कशाची सांगती. इचारलं की म्हनायची, खोकला हाय जरा." ते थांबले. "पन मला ऐकू येत हुतं रं. झोपली की श्वासात बारीक खरखर. आत जाताना. महिनाभर. खोकला न्हाई, आतली हुती ती. पयल्या दिशीच वाटलं, हे काय बरं न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग म्हनलं, आपले कान. रिंगेचं किती छातीवर हात ठिवून सांगितलं हुतं, त्ये चुकलं. ह्ये कशावरनं खरं?" ते माझ्याकडे बघत होते, पण त्यात ठपका काही नव्हता. जसं झालं तसं सांगत होते. "तुला आनून ऐकवावं असं लई मनात आलं. पन बायकोचा श्वास ऐकायला परक्या मानसाला कसं बोलवायचं? म्हनून ऱ्हायलं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी पाठ केलेली वाक्यं माझ्या तोंडात होती, आणि मला कळत होतं की आता त्यांचा अर्थ काय होईल. तुम्ही बरोबर होतात, म्हणजे रिंगेच्या बाबतीत बरोबर होतात, आणि म्हणजे त्या महिनाभरातल्या प्रत्येक रात्री बरोबर होतात.

मामा पुढे झुकले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू सांग. तुला ठाव हाय. तू बॅटरी लावून बघितलं हुतंस. माझे कान गेल्तेच ना तवा?"

त्यांच्या चष्म्याच्या जाड भिंगाआडून डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. "न्हाई" असं उत्तर त्यांना नको होतं. उजेडात एवढं स्पष्ट मला आयुष्यात दुसरं काही दिसलं नव्हतं.

"हो मामा," मी म्हणालो. "गेले होते."

त्यांनी मनगट सोडलं. खांदे खाली आले. मामींच्या फोटोकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "मंग माझ्या हातात काय नव्हतं."

"नव्हतं, मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझा कप उचलून माझ्या हातात दिला. चहा गार होईल, पिऊन घे, म्हणाले. मी प्यालो.